मामाची मापांची वही

मामा सुईत दोरा ओवायला लागला की दुकानातलं बोलणं थांबायचं. वाईच्या बाजारपेठेतलं छोटंसं दुकान, रस्त्याकडे तोंड केलेलं मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट शिवलेले सदरे. दोऱ्याचं टोक तो ओठांत धरून ओलं करायचा, दोन बोटांत पिळायचा आणि नेढ्याकडे न्यायचा. टोक नेढ्याच्या डावीकडून जायचं, मग उजवीकडून. हात थरथरायचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आलेली. "आण मामा, मी ओवते," म्हणायचे. पहिल्या वर्षी तो नको म्हणाला. पुढच्या वर्षी त्याने सुई गुपचूप माझ्याकडे दिली.

आणखी काही गोष्टी आठवतात. सुईकडे एकटक बघताना तो ओठ घट्ट मिटायचा, तेव्हा त्याच्या हनुवटीवर बारीक लहरी उठायच्या, पेजेला पहिली उकळी फुटताना उठतात तशा. जेवायला तो सगळ्यांच्या आधी बसायचा आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचा, कारण भाकरी चावता चावता त्याचा जबडा दमायचा. मामी न बोलता त्याची भाकरी आमटीत कुस्करून ठेवायची. कृष्णेच्या घाटावर सगळे पुरुष उघड्या अंगाने आंघोळ करायचे, मामा मात्र बंडी अंगात ठेवूनच पाण्यात उतरायचा आणि तशीच ओली घेऊन घरी यायचा. गावातल्या निम्म्या लोकांचे सदरे अंगाबरोबर बेतणारा हा माणूस स्वतःसाठी ढगळ, मोठ्या घेराचे सदरे शिवायचा.

घरात म्हणायचे, वात आहे. कुणी म्हणालं, शिंप्याचं काम, बसून बसून पाय गेले. तेल झालं, काढे झाले, एका जाणत्याकडे नेऊन अंगारा लावून झाला. मामा सत्तरीला टेकला तोवर त्याचं बोलणं नाकातून यायला लागलं होतं आणि तो काठीशिवाय उठत नव्हता. १९९८ च्या पावसाळ्यात पाणी पिताना ठसका लागला, छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत तो गेला. त्याच्या दुखण्याला नाव मिळालं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याला नाव लागतं असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

ते नाव कळलं पंधरा वर्षांनी, माझ्या दादामुळे.

दादा पुण्यात नोकरीला होता. चाळिशीनंतर कंपनीने सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या, त्यात त्याच्या रक्तातलं एसजीपीटी, लिव्हर दुखावलं की वाढतं ते एन्झाइम, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?" दादाने गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याबाहेर काढून दाखवली. आमच्या घरात नामदेवांपासूनची वारी आहे, दादाने दारूचा थेंब कधी ओठाला लावलेला नाही. पुढची दोन वर्षं त्याच्या लिव्हरवर उपचार झाले. प्रत्येक नव्या डॉक्टरकडे तोच प्रश्न, आणि प्रत्येक वेळी वहिनीकडे टाकलेला तो एक कटाक्ष, की बाईंना खरं माहीत असेल. ते एन्झाइम लिव्हरमधून येत नव्हतं, झिजणाऱ्या स्नायूंतून येत होतं. सीपीके नावाची एक साधी रक्ततपासणी केली असती तर ते तेव्हाच दिसलं असतं. मला आजही राग येतो तो त्या दोन वर्षांचा नाही, त्या कटाक्षाचा येतो.

मग जिना चढताना पाय जड व्हायला लागले, रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, चहाची कपबशी हातात वाजायला लागली. एका डॉक्टरांनी नसांची तपासणी करून सांगितलं, मोटर न्यूरॉन आजार आहे, एएलएस, म्हणजे स्नायूंना चालवणाऱ्या पेशी मरत जातात. "तीन वर्षं, फार तर पाच. कागदपत्रं नीट करून ठेवा." दादाने खरंच कागदपत्रं नीट केली. नोकरी सोडली, पॉलिस्या काढून वारसांची नावं तपासली, मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढले. आम्ही चौदा महिने एका मरणाची तयारी करत होतो.

पंधराव्या महिन्यात दुसऱ्या एका शहरातल्या डॉक्टर बाईंनी फाइल न उघडता त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या, "ओठ मिटून गाल फुगवा." दादाने फुगवले आणि हनुवटीवर लहरी उठल्या. मी शेजारी बसले होते. माझ्या अंगावर काटा आला, कारण ही हनुवटी मी आधी पाहिली होती, वाईच्या दुकानात. बाईंनी मग त्याला हळू आवाजात विचारलं की छाती सुजल्यासारखी, बायकांसारखी झाली आहे का. दादा खाली बघून हो म्हणाला. आणि मग त्या माझ्याकडे वळल्या.

"मामाला असं काही होतं का?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. एक्स क्रोमोसोमवरून जाणाऱ्या आजारांचा धडा मी तोवर बावीस वर्षं शिकवला होता. हिमोफिलिया, रंगांधळेपणा. आई वाहक, मुलगा आजारी, मुलगी पुन्हा वाहक. फळ्यावर चौकोन काढायचे पुरुषांचे, गोल काढायचे बायकांचे, आजारी असेल तो चौकोन खडूने भरायचा, वाहक बाईच्या गोलात ठिपका द्यायचा. मुलांना लक्षात राहावं म्हणून मी दरवर्षी एक वाक्य सांगायचे: "पोरांनो, हे दुखणं मामाकडून भाच्याकडे येतं." बावीस वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात होतं.

केनेडी रोग. स्पायनल अँड बल्बर मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे मज्जारज्जूतल्या आणि मेंदूच्या देठातल्या त्या पेशींची झीज, ज्या हातापायांना, जिभेला आणि गिळण्याला चालवतात. विल्यम केनेडी या अमेरिकन डॉक्टरांनी मिनेसोटात दोन कुटुंबांतले ११ पुरुष तपासून १९६८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यावर लेख लिहिला, म्हणून त्यांचं नाव. पण मला जास्त जवळची वाटते ती त्याआधीची नोंद. जपानमध्ये, आयची भागात, हिरोशी कावाहारा नावाच्या डॉक्टरांनी १८९७ साली एका कुटुंबाची हकीकत छापली होती. त्यात दोन भाऊ होते, आणि त्यांचा मामा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीवरच थांबले. जपानी भाषेत मामाला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण कुणातरी पोराने तिथेही आपल्या मामाला हळूहळू घास चावताना बघितलं असणार.

यात नेमकं बिघडतं काय, ते समजून घ्यायला मला मामाच्याच दुकानात जावं लागतं.

जुन्या मशीनचे दाते झिजले की ते कापड धरत नाहीत. कापड पुढे सरकत नाही आणि सुई मात्र चालूच राहते. मग एकाच जागी टाक्यावर टाका पडत जातो, खाली दोऱ्याचा गोळा होतो. टाका चुकीचा नसतो. तोच टाका असतो, नको तितक्या वेळा घातलेला.

आपल्या जनुकांची भाषा चार अक्षरांची आहे आणि तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द होतो. एक्स क्रोमोसोमवर अँड्रोजेन रिसेप्टर नावाचं जनुक आहे, पुरुषी संप्रेरकाला, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला, पेशीत ओळखणारं प्रथिन बनवण्याची कृती त्यात लिहिलेली असते. त्या कृतीत सुरुवातीलाच सी-ए-जी हा शब्द ओळीने लागोपाठ येतो. एका सी-ए-जीमागे प्रथिनाच्या माळेत ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा एक मणी. बहुतेकांच्यात तो साधारण विसेक वेळा असतो, कुणाच्यात १८, कुणाच्यात २५, चौतिसापर्यंत काही बिघडत नाही. पण पेशी ही अक्षरं उतरवून घेते तेव्हा एकसारख्या शब्दांच्या लांबलचक ओळीत आपण कुठवर आलो याचा तिचा अंदाज चुकू शकतो. दाते सुटतात, टाका पुन्हा पडतो. कुठल्यातरी पिढीत कुठल्यातरी बीजपेशीत ही ओळ लांबली आणि ३८ किंवा त्याहून जास्त झाली की त्या घराण्यात केनेडी रोग शिरतो. ओळ जितकी लांब, तितकं दुखणं साधारणपणे लवकर.

हे १९९१ साली कळलं. अल्बर्ट ला स्पाडा आणि केनेथ फिशबेक यांच्या गटाने ३५ रुग्णांच्या जनुकात ही लांबलेली ओळ पाहिली, निरोगी ७५ जणांपैकी एकाच्याही नाही. त्याच वर्षी फ्रॅजाइल एक्स या दुसऱ्या एका आजारातही असाच वाढलेला शब्द सापडला होता. १९९३ मध्ये हंटिंग्टन रोगाचं जनुक सापडलं, तिथेही तोच सी-ए-जी. तोवर जनुकातला दोष म्हणजे अक्षर बदललेलं किंवा गळालेलं, असंच आम्ही शिकलो होतो आणि तसंच शिकवत होतो. बरोबरचा शब्द जास्त वेळा लिहिल्याने माणूस मोडू शकतो, ही नवी गोष्ट होती.

दादाच्या रिपोर्टवर ४६ लिहिलं होतं. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. वीस-बावीस असते तर माझा भाऊ आळंदी ते पंढरपूर चालला असता. पंचवीसेक शब्द जास्त, म्हणजे पंचाहत्तरेक अक्षरं. तीनशे कोटी अक्षरांच्या पोथीत.

हा लांब शेपटीचा रिसेप्टर पेशीत नुसता पडून असतो तोवर फारसं काही करत नाही. टेस्टोस्टेरॉन त्याला येऊन चिकटलं की तो केंद्रकात जातो, आणि तिथे त्याची घडी नीट बसत नाही. चुरगळलेलं प्रथिन साचतं, बाकीच्या जनुकांचं वाचन बिघडवतं, पेशीचा साफसफाईचा गाडा थकवतं. आणि या पेशी साध्या नव्हेत. कमरेतल्या मज्जारज्जूतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक धागा हातभरापेक्षा लांब असतो, आणि त्या पेशी जन्मभर पुरवायच्या असतात, नव्या येत नाहीत. चाळीस वर्षं त्या हे ओझं निभावून नेतात. मग एकेक गळायला लागते. स्नायूही आतून आजारी पडतात. शिवाय रिसेप्टर स्वतःचं मूळ काम नीट करेनासा होतो, म्हणून छाती सुजते. मामाची बंडी. ढगळ सदरे. त्याने ते दुःख कुणाला सांगितलं असेल? मामीला तरी?

बायकांना हा आजार का होत नाही, याचं फळ्यावरचं उत्तर मी नेहमी देत आले: त्यांच्याकडे दुसरा एक्स असतो, तो सांभाळून घेतो. ते उत्तर इथे अपुरं आहे. दोन्ही एक्सवर लांब ओळ असलेल्या बायकांनाही जेमतेम गोळे येणं, हात कापणं एवढंच होतं. खरं उत्तर नागोयातल्या संशोधकांनी २००२ साली उंदरांवर दाखवलं. लांब ओळीचं जनुक असलेल्या नरांचं टेस्टोस्टेरॉन बंद केलं तर ते सुधारले, आणि माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर त्या आजारी पडल्या. म्हणजे आजार आईच्याही अंगात होता, तिच्या प्रत्येक पेशीत लिहिलेला होता, फक्त त्याला जागं करणारं तिच्या रक्तात पुरेसं नव्हतं. आईला म्हातारपणी पोटऱ्यांत गोळे यायचे. रात्री मीच तिला तेल लावून द्यायचे.

त्या उंदरांवरून पुढे ल्युप्रोरेलिन नावाचं, टेस्टोस्टेरॉन खाली आणणारं इंजेक्शन माणसांवर वापरून पाहिलं गेलं. ते प्रोस्टेटच्या कर्करोगात आधीपासून वापरात होतं. चाचण्यांचे निष्कर्ष सरळ हातात येण्यासारखे नव्हते, तरी जपानने २०१७ मध्ये या रोगासाठी त्याला मान्यता दिली. आजार मुळापासून जाईल असं औषध अजून नाही. दादा व्यायाम करतो, बेताचा, दमेल इतका नाही. पाणी पिताना मान खाली घालून लहान घोट घेतो, मऊ जेवतो. एएलएस सांगितल्याला आता चौदा वर्षं झाली, आणि दादा आहे. काठी आहे, पण दादा आहे. केनेडीचं दुखणं पाच वर्षांत नेत नाही, बहुतेकांना ते जवळपास सगळं आयुष्य देतं, कष्टाचं का होईना.

एएलएसच्याही काही घराण्यांत असाच वाढलेला शब्द असतो. २०११ साली एकाच वेळी दोन गटांनी तो नवव्या क्रोमोसोमवर शोधला. जनुकाचं नावही धड ठेवलेलं नव्हतं, सी-९-ओआरएफ-७२, म्हणजे नुसता पत्ता. तिथे तीन नाही, सहा अक्षरांचा शब्द आहे, आणि तो विसाऐवजी शेकडो, कधी हजारो वेळा लिहिलेला असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत घराण्यातून येणाऱ्या एएलएसचं ते सगळ्यात मोठं कारण आहे, आपल्याकडे त्याचं प्रमाण बरंच कमी दिसतं. ते बापाकडूनही येतं, आईकडूनही, मुलालाही होतं आणि मुलीलाही. त्याच्याविषयी मी जितकं वाचते तितकं पोटात कालवतं, कारण त्या घरांत डॉक्टरांनी सांगितलेली तीन वर्षं खरी ठरतात.

पण आमचं दुखणं वेगळ्या वाटेने चालतं, आणि ती वाट मला झोपू देत नाही.

बापाचा एक्स मुलाला जात नाही, मुलाला त्याचा वाय जातो. म्हणून मामाच्या मुलांना काही झालं नाही. त्याची मुलगी, माझी मामेबहीण, मात्र नक्की वाहक. आमच्यात मामाची मुलगी करायची रीत आहे. एकेकाळी दादासाठी तिचं चाललं होतं, हुंड्यावरून नव्हे, पत्रिकेवरूनही नव्हे, दोन आज्यांच्या रुसव्याफुगव्यांवरून ते मोडलं. जमलं असतं तर? हा विचार मी पूर्ण करत नाही. मामाला हे आलं आजीकडून. आजीकडून आईकडे, आईकडून दादाकडे. आजीला कुणाकडून आलं, आईकडून की वडलांकडून, ते सांगायला आता कुणी नाही. म्हणजे पुरुष आजारी पडत गेले खरे, पण दुखणं प्रत्येक वेळी उंबरा ओलांडून दुसऱ्या घरी गेलं ते लग्न होऊन गेलेल्या मुलीबरोबर. दर पिढीला नवं आडनाव, नवं गाव. म्हणूनच कुणाला साखळी दिसली नाही. वाईच्या शिंप्याची हनुवटी आणि पुण्यातल्या अकाउंटंटची हनुवटी यांत दोन आडनावं उभी होती.

वडील गेल्यावर दादा त्र्यंबकेश्वरला गेला होता. तिथल्या तीर्थोपाध्यायांनी आमच्या घराण्याची नामावळी काढून दिली. सात पिढ्या. बाप, त्याचा मुलगा, त्याचे मुलगे, कोण कधी आलं, कुणाच्या सह्या. दादाने फोनवर मोठ्या अभिमानाने ती मला वाचून दाखवली होती. मी तेव्हा विचारलंही नव्हतं की मी त्यात आहे का. आता विचारलं. आमच्या पानांवर मुली नाहीत. त्या बाडांनी शतकानुशतकं आमची नावं जपली याचं मोल मी कमी करत नाही, आगीपाण्यातून वाचवलेला तो ठेवा आहे. पण डॉक्टर बाईंनी साध्या कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत जी वंशावळ काढली, तिच्यात पहिल्यांदाच आजी आली, आई आली, मी आले. गोल आले. आणि रोगाची वाट फक्त त्या गोलांतूनच गेलेली होती.

आजीच्या गोलाखाली नाव घालायचं म्हणून बाईंनी विचारलं, "आजींचं नाव?" मी सांगितलं. "हे सासरचं. माहेरचं?" मला माहीत नव्हतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं आणि जुनं पुसलं जातं, हे मी किती लग्नांत टाळ्या वाजवत बघितलंय. आजीचं जुनं नाव मला पन्नाशीला आल्यावर कळलं, तेही वाईच्या एका नव्वदीच्या शेजारणीकडून. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आता माझ्याकडे एका वहीत आहे.

मी वाहक असण्याची शक्यता निम्मी होती. मी तपासून घेतलं. समुपदेशनाला दोनदा बसवलं त्यांनी, आणि बरं केलं. रिपोर्टवर दोन आकडे होते, २१ आणि ४६. मशीनच्या आलेखावर दोन सुळके. पहिला वडलांचा, निरोगी. दुसरा आईचा. रडू आलं ते नंतर, रिक्षात. त्या क्षणी मात्र मला वाटलं की दादाच्या रिपोर्टवरचा आकडा आणि माझ्यावरचा आकडा एकच आहे, आम्ही खरोखरच एका आईची पोरं आहोत. असं वाटायला नको होतं बहुतेक. पण वाटलं.

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. बाईंनी स्पष्ट सांगितलं की त्याची तपासणी आपण करायची नाही. मोठेपणी होणारा, आज ज्यावर उपाय नाही असा आजार लहान मुलात शोधायचा नसतो, ते त्याने सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवायचं. मी आई म्हणून भांडले. मला कळायला हवं होतं, लगेच, त्याच आठवड्यात. आज तो चोवीस वर्षांचा आहे, ट्रेकिंगला जातो, हरिश्चंद्रगडावरून फोटो पाठवतो. फोटो आला की मी आधी त्याची हनुवटी मोठी करून बघते. त्याला सगळं ठाऊक आहे. अठराव्या वर्षी मी त्याला बसवून फळ्यावर सांगावं तसं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला लग्न करायचं ठरलं की करीन. त्याआधी नको. मला माहीत नसण्याचीही काही वर्षं पाहिजेत." मी त्या वाक्याशी अजून झगडते आहे, पण ते त्याचं आहे.

दादाच्या मुलीला तपासायचीही गरज नाही, ती वाहक आहेच. तिने तिच्या होणाऱ्या नवऱ्याला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. घरच्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं होतं, मी नाही सांगितलं. पोरगा विचार करायला आठ दिवस गेला आणि परत आला. त्यांचं मागच्या माघात लग्न झालं.

गेल्या दिवाळीनंतर मामी गेली. घर आवरताना मामेबहिणीने मशीनच्या खणातली मामाची मापांची वही माझ्या हातात ठेवली. लांबट, खाकी कव्हरची, कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली. गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली आकडे: उंची, छाती, कंबर, बाही, गळा. निम्मी माणसं आता नाहीत. मी चाळत चाळत मागे गेले. शेवटच्या पानांवर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं, नुसत्या तारखा होत्या, साधारण दिवाळीच्या दिवाळीला. छातीचे आकडे वाढत गेलेले. त्याच्या शेजारी, सदऱ्याला कधी लागत नाही असं एक माप: दंड. अकरा. पावणेअकरा. सव्वादहा. दहा. साडेनऊ. आणि त्याखाली मांडी, तीही तशीच उतरत गेलेली. सतरा वर्षांचे आकडे. सुरुवातीचे टोकदार, सुबक, पुढे अक्षर वाकडं होत गेलेलं, शेवटचे दोन तर दुसऱ्या कुणाच्या हातचे वाटतात. मामी लिहायला शिकलेली नव्हती. मामेबहीण म्हणाली, "माझं अक्षर आहे. आबा टेप धरायचे, मी लिहायचे. कशाला ते मला कधी सांगितलं नाही."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. गावाने वात म्हटलं, त्याने हो म्हटलं, आणि आत दुकानाची फळी लावून इंची टेप स्वतःच्या दंडाला गुंडाळत राहिला. आजारातल्या माणसाचे स्नायू दरवर्षी किती झिजतात याच्या नोंदी मोठमोठ्या ठिकाणी यंत्रांनी घेतात. आमच्याकडे त्या एका शिंप्याने घेतल्या आहेत.

वहीत मागे अकरा पानं कोरी आहेत. त्यांवर मी आता गोल आणि चौकोन काढते. आजीला दोन बहिणी होत्या, एवढं शेजारणीकडून कळलं. एक मूल होण्याआधीच गेली. दुसरी कराडजवळच्या एका गावात दिलेली. कुठल्यातरी घरात कुणीतरी पन्नाशीचा माणूस आत्ता एएलएसची फाइल घेऊन बसला असेल, त्याला कुणी तीन वर्षं सांगितली असतील, किंवा कुणी त्याला विचारत असेल की किती घेता, हे मनातून जात नाही. दादाचे चौदा महिने कुणाला परत देता येणार नाहीत. पण एखाद्याला नुसतं एवढं सांगता आलं की हनुवटी दाखवा आणि ही तपासणी करून घ्या, तरी मला फोन लावायला हवेत.

फोन लावायला मी तीन आठवडे घेतले. अनोळखी माणसाच्या घरात मी काय घेऊन चालले आहे, याचं भय वाटत होतं. मग एका रविवारी दुपारी, त्या बहिणीच्या लेकीला फोन लागला. नात्याने माझी मावशी, वय ऐंशीच्या पुढे. आवाज खणखणीत. मी कोण, कुणाची, हे सांगायलाच पंधरा मिनिटं गेली. आजीचं माहेरचं नाव सांगितलं तेव्हा पलीकडे शांत झालं, आणि मग ती म्हणाली, "आमची आई शेवटच्या दुखण्यात त्या नावाने हाक मारायची. आम्हाला वाटायचं भ्रम झाला."

तिच्या थोरल्या भावाबद्दल विचारलं. "गुडघे गेले होते त्याचे. शेवटी शेवटी बोललेलं कळायचं नाही." मी चौकोन भरला. हात जरा थरथरला माझा, पेन्सिल कागदावर सरकली.

"आणि मावशी, तुला मुलं किती?"

"दोन मुलगे आहेत. मोठा शेती बघतो, धाकटा कोल्हापूरला." मी लिहून घेतलं, वयं विचारली, तब्येती विचारल्या. धाकट्याचा हात कापतो म्हणाली, चहा जास्त पितो म्हणून. मी म्हटलं, मी त्याच्याशी बोलेन, नंबर दे. तिने चष्मा शोधून नंबर वाचून दाखवला. फोन ठेवायची वेळ झाली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "अन् मुली तीन. त्या काय, आपापल्या घरी आहेत."

"त्यांची नावं सांग ना," मी म्हटलं. "माहेरची." आणि पान उलटून तीन गोल काढले.